पट, फांसे आणि पुरुषार्थ

ग्रंथ, नाटक, चित्र, गायन यांचें परीक्षण करण्याची वहिवाट आपल्या मासिकांत जुनी आहे. पण एखाद्या खेळाचें परीक्षण करावें असें सहसा कोणास सुचत नाहीं. क्रिकेटच्या सामन्यांचें वर्णन येतें, बुद्धिबळाच्या डावांची चर्चा होते. परंतु तेथें परीक्षण होतें तें खेळाडूंचें, खेळाचें नव्हे. खुद्द पट, त्याचे नियम, त्या नियमांतून उभें राहणारें जग आणि त्या जगांत दोन घटका वावरल्यानें माणसांच्या मनावर होणारा परिणाम, यांचा विचार रसिकवृत्तीनें करावा इतकी योग्यता बैठ्या खेळांस आहे असें आपण मानीत नाहीं. खेळ म्हणजे पावसाळ्याची दुपार घालविण्याचें साधन. तें बरें कीं वाईट हें मुलांनीं ठरवावें, अशी आपली समजूत.

जर्मनीमध्यें ही समजूत पन्नासएक वर्षांपूर्वींच मागें पडली. वर्तमानपत्रांतून खेळांविषयीं लिहिणाऱ्या कांहीं परीक्षकांनीं १९७८ सालीं एक मंडळ स्थापिलें, आणि १९७९ पासून हें मंडळ दर वर्षीं एका खेळास ‘वर्षाचा खेळ’ म्हणून गौरवूं लागलें. या मानाबरोबर पैसा मिळत नाहीं. खेळाच्या खोक्यावर एक लाल सोंगटीचें चिन्ह छापण्याचा अधिकार मिळतो, आणि त्या चिन्हानें खेळाचें भाग्य पालटतें. मंडळांत खेळ करणारे किंवा विकणारे नसतात, केवळ परीक्षक असतात, ही गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. पुढें १९८८ सालीं न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या मेळाव्यांत जमलेल्या तेरा खेळकर्त्यांनीं, बिअरच्या पेल्याखालीं ठेवावयाच्या एका पुठ्ठ्याच्या चकतीवर, ‘खोक्यावर कर्त्याचें नांव छापल्याखेरीज प्रकाशकास खेळ द्यावयाचा नाहीं’ असा निश्चय लिहून त्याखालीं सह्या केल्या. निश्चय पार पडला. आज खोक्यावर कर्त्याचें नांव कादंबरीवर लेखकाचें असावें तसें असतें. ज्याला कर्ता आहे, परीक्षक आहे आणि चोखंदळ आस्वादकही आहे, त्यास कलाकृति म्हणून पाहण्यास आतां कोणती हरकत उरली?

हरकत उरली आहे ती आस्वादकांच्या बाजूनें. या नव्या खेळांचे शौकीन आतां सर्व देशांत आहेत. आपल्या पुण्या-मुंबईंतही सुटीच्या दिवशीं खेळण्यासाठीं जमणारीं मंडळें आहेत. हे लोक एकमेकांस आपापला अभिप्राय मोठ्या हौसेनें सांगत असतात. पण हे अभिप्राय बारकाईनें ऐकले तर त्यांत दोनच निवाडे वारंवार आढळतात. एक, ‘मजा आली’. दुसरा, ‘हा तर नुसता नशिबाचा खेळ!’ पहिल्यानें कांहींच कळत नाहीं. दुसऱ्यानें कळतें असें वाटतें. पण आमच्या मतें याच निवाड्यांत शौकिनांची मोठी दिशाभूल आहे, आणि तिचा विचार करणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

दैव आणि पुरुषार्थ यांचा वाद आपल्याकडे जितका जुना, तितकाच पटावरचा फांसा जुना. कौरव-पांडवांच्या द्यूतापासून घरच्या सोंगट्यांपर्यंत फांशानें आपल्या भाषेंतही घर केलें आहे. आजही कोणाचे पौबारा होतात, कोणी नवा डाव मांडतो. याच सारीपाटाचें, म्हणजे पचिशीचें, पुढें काय झालें हें पाहणें उद्बोधक आहे. इंग्लंडांत १८९६ सालीं कवड्या जाऊन सहा तोंडांचा एकच फांसा आला आणि पचिशीचा ‘लुडो’ झाला. जर्मनींत योझेफ फ्रीडरिश श्मिट या गृहस्थानें तिला आणखी सोपें रूप दिलें आणि १९१४ सालीं ‘माणसा, चिडूं नकोस’ अशा अर्थाच्या नांवानें बाजारांत आणलें. महायुद्धांत जखमी सैनिकांच्या रुग्णालयांस या खेळाचे संच पोहोंचले, आणि तेथून तो जर्मनीच्या घराघरांत गेला. तेव्हां जर्मन घरांतील मुलांचा पहिला खेळ हा आपल्या पचिशीचा नातू आहे, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

पण या प्रवासांत हरवलें काय? शौकीन म्हणतात कीं पचिशी आणि लुडो हे दोन्हीं सारखेच नशिबाचे खेळ. हें खरें नाहीं. पचिशींत समोरासमोरचे दोघे भिडू असतात. एकाच्या सोंगट्या पिकल्या म्हणजे डाव संपत नाहीं, दोघांच्याही पिकाव्या लागतात. म्हणून पुढें गेलेला खेळाडू आपली सोंगटी मुद्दाम मागें राखतो आणि मागें पडलेल्या भिडूच्या वाटेंतला शत्रु मारतो. दान पडलें तरी तें खेळलेंच पाहिजे असें नाहीं. फुलीच्या घरांत निर्भय बसून राहतां येतें. लुडोनें ही जोडी मोडली, आणि जर्मन नातवानें तर वाटेवरचीं निर्भय घरेंही पुसून टाकलीं. फांसा होता तसाच राहिला. नाहींसें झालें तें फांशाला उत्तर देण्याचें स्वातंत्र्य. दोष दैवाचा नव्हता. दैवानंतर माणसाच्या हातीं काय ठेविलें, याचा होता.

हा भेद एकदां लक्षांत आला म्हणजे नव्या खेळांचें परीक्षण करण्यास एक माप हातीं येतें. ‘खेळांत दैव किती?’ हा प्रश्न पुरेसा नाहीं. ‘दैव निर्णयाच्या आधीं येतें कीं नंतर?’ आणि ‘हरणाऱ्यास शेवटपर्यंत करण्यासारखें कांहीं उरतें कीं नाहीं?’ हे दोन प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत. त्यांत आम्ही तिसरा घालूं : ‘हा खेळ माणसांस एकमेकांशीं काय करावयास लावतो?’

१९७९ सालीं ज्या खेळास पहिला मान मिळाला त्यानें दैवाला जवळजवळ हद्दपारच केलें होतें. डेव्हिड पार्लेट या इंग्रज खेळकर्त्याच्या त्या खेळाचें नांव ‘ससा आणि कांसव’. हा शर्यतीचा खेळ आहे, पण पुढें किती घरें जावयाचें हें फांसा सांगत नाहीं. खेळाडूनें स्वतः ठरवावयाचें आणि त्याची किंमत गाजरांत मोजावयाची. एक घर जाण्यास १ गाजर, दोन घरांस ३, तीन घरांस ६, चार घरांस १०. एका दमांत दहा घरें उडी घ्यावी तर ५५ गाजरें! आणि गाजरें परत मिळविण्याचा एक मुख्य मार्ग म्हणजे मागें सरणें. त्यांतही गाजरांचा मोठा सांठा घेऊन अंतिम रेषा ओलांडतां येत नाहीं. गोष्टीचा बोध कोठेंही शब्दांनीं सांगितलेला नाहीं. तो त्या किंमतींच्या वाढत्या श्रेणींतच मुरलेला आहे. घाई महाग पडते हें येथें ऐकावें लागत नाहीं, भरावें लागतें. नियम हीच खेळाची भाषा आहे आणि त्या भाषेंत आशय सांगतां येतो, याचें याहून स्वच्छ उदाहरण मिळणें कठीण.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे क्लाऊस टॉयबर यांचा ‘कटान’. टॉयबर हे धंद्यानें दांतांच्या कवळ्या बनविणारे कारागीर. त्यांचा हा खेळ १९९५ सालीं प्रसिद्ध झाला, त्याच वर्षीं त्यास ‘वर्षाचा खेळ’ हा मान मिळाला, आणि २०२३ सालीं टॉयबर वारले तोंपर्यंत त्याच्या कोट्यवधि प्रती जगभर गेल्या होत्या. षट्कोनी १९ तुकड्यांचें एक बेट. त्यांत लांकूड, विटा, लोकर, गहूं आणि खनिज देणाऱ्या १८ जमिनी आणि एक ओसाड वाळवंट. प्रत्येक जमिनीवर एक आंकडा. दोन फांसे टाकावयाचे. जी बेरीज येईल त्या आंकड्याच्या जमिनीला लागून ज्याचें ज्याचें घर असेल त्याला त्याला पीक मिळावयाचें. फांसा कोणीही टाको, पीक सर्वांचें. ही एक गोष्ट सोपी दिसते, पण तिनें पटाभोंवतीचें वातावरणच बदलून टाकलें. जुन्या खेळांत दुसऱ्याची पाळी म्हणजे आपली जांभई. येथें दुसऱ्याच्या दानाकडेही चौघांचे डोळे लागलेले.

दोन फांशांच्या ३६ जोड्या होतात. त्यांत ७ ही बेरीज ६ जोड्यांनीं येते, ६ आणि ८ प्रत्येकीं ५ जोड्यांनीं, तर २ आणि १२ एकेकीनेंच. ज्यानें ६ व ८ च्या कडेला घरें बांधलीं त्यानें दैवाशीं शहाणपणानें सलोखा केला. पण सर्वांत अधिक वेळां येणाऱ्या ७ या बेरजेला कोणतीही जमीन दिलेली नाहीं. ७ पडले कीं दरोडेखोर हलतो, आणि ज्याच्या हातीं सातांहून अधिक पानें असतील त्याला निम्मीं टाकून द्यावीं लागतात. सांठेबाजाला शिक्षा देणारा हा नियम किती मार्मिक आहे! आणि कोणाजवळही सर्व जिन्नस पुरेसे नसल्यामुळें ज्याची पाळी असेल त्याच्याशीं सौदा करावाच लागतो. ‘मला वीट दे, मी लोकर देतों’ या बोलण्यांतच खेळाचा अर्धा आनंद आहे. अबोल माणूसही येथें तासाभरांत बोलका होतो.

इतकें गुणवर्णन केल्यावर दोषही सांगितला पाहिजे. ‘कटान’मध्यें मुख्य निर्णय आधीं घ्यावयाचा आणि दैव नंतर यावयाचें अशी रचना आहे. पहिलीं दोन घरें मांडलीं कीं खेळाडूचें अर्धें भवितव्य ठरतें. मग ६ आणि ८ पडलेच नाहींत तर बसून राहण्यापलीकडे फारसें कांहीं करतां येत नाहीं, आणि ज्याच्याजवळ देण्यासारखें कांहीं नाहीं त्याच्याशीं सौदा तरी कोण करणार? दहा गुणांची मजल कोणी गांठीपर्यंत असा खेळाडू पटाशीं असतो खरा, पण खेळांत नसतो. येथें शौकिनांची तक्रार योग्य आहे. तिचें निदान मात्र चुकतें. दोष फांशाचा नसून त्याच्या जागेचा आहे.

हें पटवून घेण्यास क्लाऊस-युर्गेन व्रेडे यांचा ‘कार्कासोन’ पाहावा. फ्रान्सच्या दक्षिणेस त्या नांवाचें तटबंदीचें जुनें नगर आहे. खेळांत नगराचे, रस्त्यांचे, मठांचे व शेतांचे ७२ चौकोनी तुकडे असतात. पाळी आली कीं एक तुकडा न पाहतां उचलावयाचा आणि जेथें जुळेल तेथें लावावयाचा. तुकडा कोणता येईल हें संपूर्ण दैवाधीन. पण दैवाचें बोलणें आधीं होतें, अखेरचा शब्द माणसाचा राहतो. नको तो तुकडा आला तरी त्यानें दुसऱ्याचें नगर अडवितां येतें, किंवा स्वतःचा रस्ता तरी लांबवितां येतो. शिवाय तुकडा सर्वांच्या समोर असल्यानें आजोबा नातवाला ‘अरे, तो तिथें लाव’ असें सांगूं शकतात, आणि त्यानें खेळाचें कांहीं बिघडत नाहीं. २००१ सालीं या खेळास मान मिळाला तो सर्वथा उचित होता. ‘कटान’हून यांत बोलणें कमी आहे, पण हरणारा शेवटच्या तुकड्यापर्यंत कर्ता राहतो.

आतां एका निराळ्याच वृत्तीच्या खेळाकडे वळूं. राइनर क्नित्सिया हे गणितांतील डॉक्टर. त्यांच्या नांवावर शेंकडों खेळ आहेत. त्यांचा ‘मॉडर्न आर्ट’ (१९९२) हा चित्रांच्या लिलांवाचा खेळ. पांच चित्रकारांचीं चित्रें पानांवर आहेत. खेळाडू पाळीपाळीनें एकेक चित्र लिलांवास काढतात आणि एकमेकांस विकतात. एखाद्या चित्रकाराचें पांचवें चित्र पुढें आलें कीं फेरी संपते. ज्याचीं चित्रें सर्वांत अधिक आलीं त्याच्या प्रत्येक चित्रास ३० हजार, दुसऱ्याच्या चित्रास २० हजार, तिसऱ्याच्या १० हजार, आणि उरलेल्या दोघांचीं चित्रें कवडीमोल. चित्र चांगलें कीं वाईट हा प्रश्न खेळांत कोठेंच उद्भवत नाहीं! ज्याची चर्चा अधिक त्याचें मोल अधिक, आणि चर्चा घडवून आणणारे तुम्हीच. कला-बाजारावर केलेला याहून तिखट उपरोध निबंधांतही क्वचित् आढळेल. विशेष हें कीं येथें उपरोध करणारा कर्ता कांहींच बोलत नाहीं. आपण स्वतःच, ‘हा चित्रकार आतां फार वर जाणार’ असें खोटेंच गंभीर तोंड करून सांगूं लागतों आणि मग आपल्यालाच आपलें हंसूं येतें. यांत फांसा नाहीं. दैव असेल तर तें शेजाऱ्याच्या मनांत काय आहे या रूपानें बसलेलें आहे.

मात्र याच खेळावरून आमचा मूळ मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ज्या खेळांत फांसा नाहीं त्यांत हार ही सर्वस्वीं आपली असते. सोंगट्यांत हरलेली आजी फांशाला नांवें ठेवून हंसत उठते. बुद्धिबळांत हरलेला जांवई त्या दिवशीं जेवतांना गप्प असतो. शौकीन ज्याला ‘नुसतें नशीब’ म्हणून तुच्छ लेखतात, तें घरच्या पटावर एक प्रकारचें सौजन्य आहे. तें जिंकणाऱ्याचा गर्व कमी करतें आणि हरणाऱ्याची लाज झांकतें. दहा वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांचे आजोबा एका पटावर बरोबरीनें बसूं शकतात तें फांशाच्या कृपेनें. शंभर डाव खेळून तरबेज झालेल्या माणसास नवख्याकडून क्वचित् तरी हार खावी लागली पाहिजे; नाहींतर तो नवखा पुन्हां येणार नाहीं, आणि तरबेज माणूस एकटाच पटाशीं बसेल. शौकिनांच्या मंडळांत अवघड खेळांची जी प्रतिष्ठा आहे तींत हा धोका आहे. जो खेळ समजावून सांगण्यासच एक तास लागतो त्याची स्तुति करतांना, आपण खेळाची स्तुति करीत आहों कीं तो समजल्याबद्दल आपली स्वतःची, हें प्रत्येकानें पाहावें.

कोणी म्हणेल, मग एकमेकांविरुद्ध खेळावेंच कशाला? या प्रश्नाचें उत्तर म्हणून सहकाराचे खेळ पुढें आले आहेत. मॅट लीकॉक यांचा ‘पँडेमिक’ (२००८) हा त्यांतील सुप्रसिद्ध. जगाच्या नकाशावर चार रोगांच्या सांथी पसरत आहेत. सर्व खेळाडूंनीं मिळून चारही रोगांवर उपाय शोधावयाचा. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. हरण्याच्या वाटा तीन, जिंकण्याची एकच. त्यांतील एक युक्ति अत्यंत कुशल आहे. मधूनमधून उद्रेकाचें पान निघतें, तेव्हां ज्या शहरांचीं पानें आधीं येऊन गेलीं तीं पिसून पुन्हां गड्डीच्या वरच ठेवतात. परिणाम असा कीं जेथें रोग एकदां लागला तेथेंच तो पुन्हां पुन्हां येतो. दैव कायम आहे. पण त्याला स्मरणशक्ति दिली आहे. २०२० सालच्या महामारीनंतर हा पट उघडतांना पूर्वीसारखें नुसतें कुतूहल राहिलें नाहीं, हें वाचकांस सांगावयास नकोच.

पण सहकाराच्या या खेळासही आमचा तिसरा प्रश्न विचारला पाहिजे : तो माणसांस एकमेकांशीं काय करावयास लावतो? सर्वांचीं पानें उघडीं, सर्वांचें हित एक. मग चौघांत जो अधिक बोलका किंवा अधिक अनुभवी तो उरलेल्या तिघांच्या वतीनेंही खेळूं लागतो. ‘तूं आतां कैरोला जा, आणि तूं हें पान त्यांना दे,’ असें सांगत सुटतो. बाकीचे सोंगट्या हलविणारे हात तेवढे उरतात. स्पर्धेच्या खेळांत बलवान दुर्बळाला हरवितो. येथें तो त्याला वाचवितो, पण वाचवितांना त्याचा डावच काढून घेतो. एकत्र कुटुंबांतल्या कर्त्या पुरुषाचा कारभार ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें चित्र ओळखीचें वाटेल.

या रोगावर औषध शोधलें तें फ्रान्सच्या आन्त्वान बोझा यांनीं, आणि तेंही केवळ ५० पानांच्या एका गड्डीनें. ‘हानाबी’ या त्यांच्या खेळास २०१३ सालीं मान मिळाला. हानाबी म्हणजे जपानींत शोभेचें दारूकाम. पांच रंगांचीं पानें एकपासून पांचपर्यंत क्रमानें लावावयाचीं. पण पानें हातांत उलटीं धरावयाचीं! माझीं पानें सर्वांस दिसतात, मला तेवढीं दिसत नाहींत. दुसऱ्यास सूचना द्यावी तर तीही मोजकी : ‘हीं दोन तांबडीं’, किंवा ‘हें एक तीन’, एवढेंच. आणि अशा सूचनांच्या सोंगट्या आठच. येथें कर्ता पुरुष कितीही हुशार असला तरी त्याला स्वतःच्या हाताविषयीं धाकट्या बहिणीवर विसंबावें लागतें. आणि तिनें अमुकच गोष्ट आतांच कां सांगितली, याचा विचार करावा लागतो. ज्ञान वांटून दिलें म्हणून विश्वास आवश्यक झाला. आपलें खरें रूप दुसऱ्यालाच दिसतें, आणि तो तें थोडक्या शब्दांतच सांगूं शकतो. खेळाच्या रूपकानें याहून सुंदर गोष्ट क्वचित् सांगितली गेली असेल. आमच्या मतें गेल्या अर्धशतकांतील अत्यंत सरस खेळांत ही गड्डी गणली पाहिजे, आणि ती खिशांत मावते हा तिचा आणखी एक गुण.

येथवर नियमांचा विचार झाला. पण खेळास विषयही असतो, आणि विषयाविषयीं परीक्षकास मौन धरतां येणार नाहीं. ‘कटान’चें बेट रिकामें आहे; चारी बाजूंनीं वसाहतवाले येतात आणि रानें तोडून घरें बांधतात. रिकामें बेट ही कल्पना युरोपास सोपी वाटते; ज्यांच्या देशावर परकी जहाजें येऊन लागलीं त्यांस ती तितकी सोपी वाटणार नाहीं. ‘कटान’ काल्पनिक आहे म्हणून सोडून देऊं. परंतु आंद्रेआस झायफार्ट यांच्या ‘पोर्तो रिको’ (२००२) या खेळाचें काय? शौकिनांच्या मतगणनेंत कित्येक वर्षें अग्रस्थानीं असलेला हा खेळ रचनेच्या दृष्टीनें अतिशय बांधेसूद आहे. प्रत्येक फेरींत एकानें एखादी भूमिका निवडावयाची. तिचा लाभ सर्वांस मिळावयाचा, निवडणाऱ्यास थोडा अधिक. पण या पटावर ऊंस, नीळ, तंबाखूचे मळे आहेत, आणि त्या मळ्यांत राबावयास जहाजांतून लहान लहान तपकिरी चकत्या येतात. नियमपुस्तिका त्यांस ‘वसाहतवाले’ म्हणते. पोर्तो रिकोंत गुलामगिरी १८७३ सालीं बंद झाली. त्यापूर्वीं जहाजांतून आलेल्या आणि मळ्यांत राबणाऱ्या तपकिरी माणसांस इतिहास कोणत्या नांवानें ओळखतो हें सर्वांस ठाऊक आहे.

‘हा खेळ आहे, इतिहास नव्हे’ हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. ‘ससा आणि कांसव’ या खेळांत नियम बोध करूं शकतात, ‘मॉडर्न आर्ट’मध्यें उपरोध करूं शकतात, असें एकदां मान्य केलें म्हणजे ‘पोर्तो रिको’चे नियमही कांहींतरी बोलत आहेत हें मान्य केलेंच पाहिजे. कलेचा मान हवा आणि कलेची जबाबदारी नको, हें चालणार नाहीं. प्रकाशकांसही हें अखेर उमगलें असावें. २०२२ च्या आवृत्तींत त्यांनीं काळ बदलून १८९७ सालचें, म्हणजे स्पेनकडून स्वायत्ततेची सनद मिळालेलें पोर्तो रिको घेतलें. याहून धीट उत्तर आर. एरिक र्यूस यांच्या ‘स्पिरिट आयलंड’ (२०१७) या सहकाराच्या खेळांत आहे : तेथें खेळाडू म्हणजे बेटाच्या वन-नदी-पर्वतांतील दैवतें, मूळ रहिवासी त्यांचे सोबती, आणि वसाहतवाले हेच परतवून लावावयाचें संकट. पट तोच, पण बाजू उलटली. आणि बाजू उलटतांच ‘कटान’चें रिकामें बेट किती मुद्दाम रिकामें केलेलें होतें हें दिसूं लागतें.

विषय आणि नियम यांची फारकत झाली म्हणजे काय होतें याचा जुना दाखला आपल्या घराघरांत ‘व्यापार’ या नांवानें पोहोंचलेल्या खेळांत आहे. त्याचें मूळ लिझी मॅगी या अमेरिकन बाईच्या ‘जमीनदाराचा खेळ’ या पटांत असून त्याचें पेटंट तिला १९०४ सालीं मिळालें. जमिनीच्या मक्तेदारीनें थोडे श्रीमंत आणि बाकीचे भिकारी कसे होतात हें दाखवावें, आणि नियमांची दुसरी मालिका लावली तर संपत्ति सर्वांची कशी वाढते हेंही दाखवावें, हा तिचा हेतु. १९३५ सालीं तिचे हक्क ५०० डॉलरांस विकत घेतले गेले. पहिली मालिका जगभर पसरली, दुसरी विसरली गेली. जो धडा म्हणून लिहिला तो मोह म्हणून खेळला गेला. आणि त्या खेळाचा रचनादोषही त्या मोहाशीं सुसंगतच : दिवाळें निघालेल्यानें उठून जावयाचें, आणि उरलेल्यांनीं तासभर एकमेकांस पिळावयाचें. नव्या खेळांनीं हरणाऱ्यास शेवटपर्यंत पटाशीं बसविलें, ही त्यांची सर्वांत मोठी सुधारणा आहे असें आम्हीं म्हटलें तें याच तुलनेनें.

शेवटीं शौकिनांस एक विनंति. जर्मनींतील एसेन शहरीं १९८३ पासून भरणाऱ्या शरद्-ऋतूंतील मेळाव्यांत आतां दर वर्षीं शेंकडों नवे खेळ येतात. एकदां खेळावें, अभिप्राय सांगावा, आणि दुसरें खोकें उघडावें अशी रीत यामुळें पडत चालली आहे. कादंबरी एका वाचनांत कळूं शकेल. खेळ एका डावांत कळत नाहीं, कारण त्याचा अर्धा मजकूर खेळणारीं माणसें लिहितात. ‘हानाबी’चा पहिला डाव गोंधळाचा असतो, दहाव्या डावांत नवराबायकोची अशी एक सांकेतिक भाषा तयार होते कीं तिसऱ्यास ती उमगूं नये. पचिशी पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती नवेपणामुळें नव्हे. ज्या घरीं पांच खेळ पन्नास वेळां खेळले जातात त्या घरचा अभिप्राय, पन्नास खेळ एकेकदां खेळणाऱ्याच्या अभिप्रायाहून आम्ही अधिक मोलाचा मानूं.

तेव्हां पुढच्या वेळीं एखाद्या नव्या पटाविषयीं मत देण्याचा प्रसंग आला तर ‘नशिबाचा खेळ’ एवढें म्हणून थांबूं नये. दान पडल्यावर माझ्या हातीं काय राहिलें, हरतांना मी अखेरपर्यंत खेळत होतों कीं नुसता बसलों होतों, आणि दोन तासांत आम्ही एकमेकांशीं कसे वागलों, हे प्रश्न विचारावे. ज्या खेळाविषयीं यांचीं उत्तरें समाधानकारक येतील तो घरांत आणावा. मग त्यांत फांसा असो वा नसो. आणि ज्याची हार झाली असेल त्यानेंच पट आवरतांना ‘आणखी एक डाव मांडूं या’ असें म्हटलें, तर त्या खेळाचें यथायोग्य परीक्षण झालें असें समजावें.